दमट हवा हलकीच असते : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात 'आभाळात पाणी किती?' हा लेख टाकला. वातावरणातली सगळी वाफ एकदम पाऊस होऊन पडली तर पृथ्वीभर जेमतेम २५ मिलिमीटर पाणी साचेल, असा त्यातला मुख्य मुद्दा. त्यावर कुणी काही बोललं नाही. बोलणं झालं ते एका जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर. 'शेतकरीपुत्र' या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया अशी :

"मास्तर, दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी, हे कुठून आणलंत? पोतं भिजलं की जड होतं हे आमच्याकडं लेकरालाबी कळतं. मुंबईला उतरून बघा, छातीवर धोंडा ठेवल्यागत होतं. एसीत बसून लिहिणं सोडा, जरा बाहेर पडा. जायकवाडीतून उन्हाळ्यात किती पाणी उडतं, विमानानं पाऊस पाडायला गेले त्याचं काय झालं, यावर एक ओळ नाही. वर शुद्धलेखनाची बोंब."

शंका विचारायला माझी कधीच ना नसते. पण 'कुठून आणलंत' ही शंका नाही, हा चोरीचा आळ झाला. 'मास्तर' म्हणालात त्याचंही काही नाही, भूगोल शिकवूनच पोट भरतो. ज्या सुरात म्हणालात तो सूर मात्र पारावर ठीक, लिहिताना माणसानं जरा सांभाळावं. शुद्धलेखनाचं मान्य. दोन ऱ्हस्व-दीर्घ निसटले होते, दुरुस्त केले. आभार.

आता एसीचं. आमच्या घरात एसी नाही. पत्र्याचा कूलर आहे, त्याची मोटार गेल्या उन्हाळ्यात रिवाइंडिंग करून आणली. आणि 'बाहेर पडा' कुणाला सांगताय? माझे वडील महसूल खात्यात होते, पर्जन्यमापकाची नोंद त्यांच्याकडे असायची. पावसाळ्यात सकाळी साडेआठला ते नरसाळं काढत, आतली बाटली मोजनळीत ओतत, आणि नळी डोळ्यांच्या रेषेत धरून पाण्याच्या खोलगट कडेचा खालचा आकडा वाचत. वरचा लिहिला तर मला ओरडा बसायचा, कारण वही माझ्या हातात असे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, भरपाईचा हिशेब त्यावर. ६३ भरला की गावातली माणसं दारात, "दोनानं काय होतंय, अण्णा?" अण्णांनी ६३ लिहिला. त्यापायी काही घरांशी आमचं बोलणं तुटलं. अशा घरातल्या माणसाला तुम्ही सांगणार की मोजल्याशिवाय लिहू नका?

असो. पोत्याकडे वळतो, कारण सगळी गफलत तिथं आहे.

पोतं भिजतं तेव्हा सुतळी तेवढीच राहते आणि पाणी वरून भर म्हणून येतं. वजन वाढणारच. हवेत वाफ अशी भर म्हणून येत नाही, ती दुसऱ्याची जागा घेते. उघड्यावरच्या हवेचा दाब आजूबाजूच्या हवेइतकाच राहतो. वाफेचे रेणू आत शिरले की तितकेच नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू त्या जागेतून बाहेर सरकतात. तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या जागेत कोणत्याही वायूचे रेणू सारखेच मावतात, हे आव्होगाद्रोनं १८११ सालीच मांडलंय. मी नव्हे. आता वजनं बघा. नायट्रोजनचा रेणू २८, ऑक्सिजनचा ३२, दोघांच्या मिसळीची सरासरी २९ च्या आसपास. पाण्याचा रेणू १८. एकोणतीसवाला उठला, अठरावाला बसला. हवा जड झाली की हलकी?

आकडेच हवे असतील तर घ्या. समुद्रसपाटीला ३० अंश सेल्सिअसची एक घनमीटर कोरडी हवा साधारण १,१६४ ग्रॅम भरते. तीच हवा वाफेनं शिगोशीग भरली की तिच्यात ३० ग्रॅम वाफ असते आणि एकूण वजन १,१४६ ग्रॅमच्या आसपास येतं. तीस ग्रॅम पाणी शिरूनही अठरा ग्रॅम घटले. फरक दीड टक्क्याचा. "दीड टक्क्यानं काय होतंय" म्हणाल, अण्णांच्या दारातल्या लोकांसारखं. तर तेवढं हलकं व्हायला कोरड्या हवेला जवळपास पाच अंश जास्त तापावं लागतं. मे महिन्यात दुपारी गदगदायला लागतं आणि चार वाजता आभाळ एकाएकी चढतं, त्यात तापलेल्या जमिनीचा वाटा मोठा, पण वाफेचा हा हलकेपणाही त्याला हातभार लावतो. हवा वर गेली की गार होते, वाफेचे थेंब बनतात, थेंब बनताना वाफेत दडलेली उष्णता सुटते आणि ढग आणखी उंच रेटला जातो. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आठवत असेल. गारा जमिनीवर तयार होत नाहीत.

(ढगातले थेंब म्हणजे वाफ नव्हे, ते पाणीच. त्यांचं वजन ढगाला लागतं. माझ्या लेखात वाक्य दमट हवेबद्दल होतं, ढगाबद्दल नव्हतं. एवढं वाचायला हवं होतं.)

मुंबईचा धोंडा राहिला. तुम्हाला जड वाटलं हे खोटं म्हणत नाही. पण ते हवेचं वजन नव्हे, तुमचा न वाळलेला घाम. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा आधीच वाफेनं भरलेली असली की घाम वाळत नाही, अंग तापलेलं राहतं, जीव घुसमटतो. पटत नसेल तर घरचा कूलर बघा. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे मराठवाड्यात आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर असते, तेव्हा तो गारठा सोडतो. मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर, तेच वाळे, तेच पाणी, आणि अंगाला नुसती चिकचिक. कूलर बिघडलेला नसतो.

आणि गंमत म्हणजे मुंबईत तुमच्या छातीवर हवेचा दाब खरोखरच जास्त असतो. संभाजीनगर, लातूर साडेपाचशे मीटर किंवा त्याहून उंचावर, मुंबई समुद्राकाठी. फरक साधारण सहा टक्क्यांचा. पण तो उंचीचा हिशेब आहे, दमटपणाचा नाही, आणि आतूनही तेवढाच दाब असल्यानं तो आपल्याला जाणवत नाही. मुंबईत घामाच्या धारा लागतात त्या जून-जुलैत तिथला वायुदाब डिसेंबरपेक्षा कमीच असतो. त्यात मॉन्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याचा हात मोठा, हे मी स्वतःहून सांगतो, नाहीतर उद्या त्यावरून नवी प्रतिक्रिया यायची. पण धोंडा डिसेंबरात जास्त जाणवायला हवा होता. जाणवतो का?

बाकीचे मुद्दे. विमानानं पाऊस पाडण्याचे प्रयोग मराठवाड्यात २०१५ ला झाले, २०१९ ला झाले, त्यांच्या खर्चाचा जाब मला कशाला विचारता? मी विमान उडवलं नव्हतं. सिल्व्हर आयोडाइड असो नाहीतर मीठ, फवारायला आधी वाफेनं भरलेला ढग लागतो. कोरड्या आभाळावर काही फवारून उपयोग नाही. एवढं बस्स.

जायकवाडीच्या बाष्पीभवनाचा मुद्दा त्या लेखाचा विषयच नव्हता. तरी विचारलंतच म्हणून : एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक मिलिमीटर थर उडाला की दहा लाख लिटर गेले. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर होते. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, तुडुंब भरला की पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात जातो, मे महिन्यात तो आकसलेला असतो आणि दिवसाला एका मिलिमीटरपेक्षा कितीतरी जास्त उडतं. गुणाकार तुम्हीच करा. लेकरालाबी येतो.