जॅकेटची चेन आणि सहावं गांजाचं दुकान

मंगळवारी सकाळी उणे १४ मध्ये स्ट्रीटकारच्या (ट्रामच्या) स्टॉपवर उभी होते आणि जॅकेटच्या चेनचा रनर निघून हातात आला. टोरोंटोत जानेवारीत जॅकेटची चेन तुटणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. दोन्ही बाजू हातानं धरून, पाठीला कुबड काढून, कशीबशी ऑफिसला पोचले. संध्याकाळी घरी आल्यावर पहिला विचार आला की चेन लावून घेऊ, पाच मिनिटांचं तर काम आहे.

कुठे लावून घेऊ? कोपऱ्यावरचा पोर्तुगीज म्हातारा, ज्याच्याकडे मी अकरा वर्षं चपलांचे तळवे, पर्सचे पट्टे आणि जॅकेटच्या चेनी नेल्या, त्याचं दुकान महामारीत गेलं. आता तिथे गांजा मिळतो. त्याच्या पलीकडे बेकरी होती, शनिवारी सकाळी अंड्याच्या पिवळ्या टार्टचा वास अर्ध्या रस्त्यापर्यंत यायचा. तिथेही गांजा. बँकेची शाखा बंद झाली, तिथे गांजा. डंडास वेस्ट या आमच्या रस्त्यावर माझ्या दारापासून लायब्ररीपर्यंत चालत नऊ मिनिटं लागतात. त्या नऊ मिनिटांत गांजाची पाच चालू दुकानं लागतात आणि दोन बुडालेली. एक चेन लावायची तर मात्र बस बदलून जा! सुई-दोऱ्याचं रीळ नाही, किल्ली करून देणारा नाही, मिक्सरचं भांडं दुरुस्त करणारा तर स्वप्नातही नाही. रात्री साडेदहाला गांजाची चॉकलेटं हवीत? पाच ठिकाणी भाव विचारून घ्या.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, आल्या या काकू नैतिकता शिकवायला. थांबा जरा. मी भांगेच्या देशातून आलेय. आमच्या आजोळी महाशिवरात्रीला थंडाई घोटली जायची, आणि आमचे आजोबा, एरवी चहात साखर जास्त पडली तरी ओरडणारे, त्या दिवशी दुपारभर ओसरीवर बसून एकटेच हसायचे. आपल्याकडच्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही गांजाची व्याख्या करताना नुसती पानं बाहेरच ठेवली आहेत, म्हणून तर काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. १७ ऑक्टोबर २०१८ ला कॅनडात गांजा कायदेशीर झाला तेव्हा मला बरंच वाटलं होतं. चार ग्रॅमच्या पुडीसाठी पोरांना कोर्टात उभं करण्यात काय अर्थ होता? ज्याला ओढायचाय त्याने ओढावा. दुकानातली पोरं तर इतकी गोड बोलतात की बँकेतल्यांनी त्यांच्याकडे शिकायला जावं.

माझा राग गांजावर नाहीच. तो एकाच रस्त्यावर तेच दुकान सातदा उघडू देणाऱ्या कारभारावर आहे.

एकाच मालाची दुकानं शेजारी-शेजारी असण्याची आपल्याला सवय आहे म्हणा. लक्ष्मी रोडला साड्या, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं. पण तिथे एका दुकानात नाही ती छटा दुसऱ्यात मिळते, बायका चार दुकानं पालथी घालून पाचव्यात घेतात. इथे तसलं काही नाही. ऑन्टारियो या आमच्या प्रांतातल्या प्रत्येक परवानाधारक दुकानाला माल एकाच ठोक विक्रेत्याकडून घ्यावा लागतो, आणि तो विक्रेता म्हणजे खुद्द प्रांत सरकार. तीच डबी, तोच अबकारी शिक्का, तीच इशाऱ्याची पिवळी चौकट. पहिल्या दुकानातली डबी आणि पाचव्या दुकानातली डबी यांत फरक फक्त पिशवीवरच्या पानाच्या चित्राचा. मग पाच कशाला हवीत?

आणि त्या काचा! अल्पवयीनांना माल दिसता कामा नये असा नियम आहे म्हणून दुकानदारांनी दर्शनी काचेला वरपासून खालपर्यंत दुधी कागद चिकटवून ठेवलाय. पूर्वी संध्याकाळी पाचला अंधार पडला तरी बेकरीच्या काचेतून पिवळा उजेड फुटपाथवर पडायचा, आतली मावशी हात करायची. आता रस्त्याच्या त्या बाजूने चाललं की हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागून चालल्यासारखं वाटतं. बुडालेल्या दोन दुकानांचा दुधी कागद तर अजून तसाच आहे, एका कोपऱ्यात निघून वाऱ्यावर फडफडतो. आत काउंटरवर कुणाचा तरी कॉफीचा कप पडलाय. मी तो दीड वर्ष बघतेय.

तुम्ही म्हणाल, महापालिका झोपली आहे का? तर नाही, तिचे हातच बांधून ठेवलेत. आणि माझं डोकं फिरतं ते इथेच.

हे शहर मला माझ्याच अंगणात काय काय करू देत नाही ते ऐका. मागच्या बाजूला मेपलचं झाड आहे. त्याच्या खोडाचा व्यास ३० सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर ते तोडायला शहराचा परवाना लागतो. चांगला नियम आहे, माझी तक्रार नाही. कुंपण किती उंच असावं याचा नियम आहे. शेजारच्यांना पोटमाळा दोन फूट वाढवायचा होता, तर त्यांना समितीपुढे जावं लागलं, आणि ६० मीटरच्या आतल्या प्रत्येक घरमालकाला नोटीस आली. मलाही आली. ‘आपलं काही म्हणणं असल्यास सुनावणीला यावे.’ पोटमाळ्याला! मला काय करायचंय कुणाच्या पोटमाळ्याशी? पण विचारलं बुवा. माझ्या घरापासून तेवढ्याच अंतरावर गांजाचं दुकान येणार होतं तेव्हा घरी कागदाचा चिटोरा आला नाही.

कारण प्रांत सरकारने २०१८ च्या परवाना कायद्यातच लिहून ठेवलंय की कुठल्याही महापालिकेने जमीनवापराचे नियम करताना गांजाच्या दुकानाला वेगळं काढायचं नाही. म्हणजे जिथे मोजे विकता येतात तिथे गांजाही विकता येणार. शहराला स्वतःचा वेगळा परवाना काढता येत नाही, दोन दुकानांत अमुक अंतर हवं असंही सांगता येत नाही. अंतराची अट एकच, शाळेपासून १५० मीटर. शाळा म्हणजे शाळाच. पाळणाघर त्यात येत नाही, बाग येत नाही, लायब्ररी येत नाही, व्यसनमुक्तीचं केंद्रसुद्धा येत नाही. तेव्हा व्यसनमुक्ती केंद्राच्या शेजारच्या गाळ्यात खुशाल दुकान टाका, नियमात बसतंय.

आधीच्या सरकारची योजना होती सरकारी दुकानांची, पहिल्या टप्प्यात उणीपुरी ४०. मग डग फोर्ड प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्रीच) झाले, त्यांनी ती गुंडाळली आणि खासगी दुकानं आणली. सुरुवातीला तर चक्क सोडत काढली, २५ परवान्यांची, अगदी म्हाडाच्या घरांसारखी. एप्रिल २०१९ मध्ये दुकानं उघडली, लोक थंडीत रांगा लावून उभे. मग जानेवारी २०२० पासून सोडत बंद, मर्यादा बंद, या रे या सारे या! त्याच मार्चमध्ये महामारी आली. म्हातारे दुकानदार भाडं भरू शकेनात, गाळे धडाधड रिकामे झाले. इथे दुकानांच्या भाड्यावर सरकारी नियंत्रण नाही, मालकाला काय, जो जास्त देईल तो भाडेकरू. २०२१ च्या शरद ऋतूपर्यंत प्रांतात हजारावर दुकानं झाली होती. त्यातली निम्मी माझ्याच रस्त्यावर आहेत की काय असं वाटायला लागलं.

बरं, हेच सरकार दुसरीकडे शहाण्यासारखं वागू शकतं. पगारावर उसने पैसे देणारी ती चढ्या व्याजाची दुकानं आहेत ना, ती गरीब वस्त्यांत दाटीवाटीने उघडायला लागली, तेव्हा प्रांतानेच शहरांना अधिकार दिला की किती आणि कुठे ते तुम्ही ठरवा. टोरोंटोने २०१८ मध्ये त्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातलीही. टोरोंटोतल्याच ऑसिंग्टन रस्त्यावर बार फार झाले म्हणून २००९ मध्ये शहराने काही काळ नवे बार थांबवले होते. म्हणजे कसं करायचं ते सगळ्यांना माहितीय. गंमत तर ही की मे २०१६ मध्ये पोलिसांनी एका दिवसात ४३ बेकायदेशीर दुकानांवर धाडी घातल्या, तेव्हा जागामालकांना पकडायला शहराने जमीनवापराचाच नियम काढला होता. बेकायदा होतं तोवर नियम उपयोगी, कायदेशीर झाल्यावर त्याच नियमाला कुलूप. गांजाच्या दुकानांची दाटी थांबवता यावी म्हणून विधानसभेत एका महिला आमदाराने २०२१ मध्ये खासगी विधेयकसुद्धा आणलं होतं. पुढे काय झालं ते माझ्या रस्त्यावर येऊन बघा.

मी हरकत घेतली नाही असं समजू नका. पाचव्या दुकानाच्या वेळी घेतली. पद्धत अशी की दुकानाच्या काचेवर एक सूचना लावतात आणि त्या दिवसापासून १५ दिवसांत तुम्ही ऑनलाइन म्हणणं मांडायचं. त्या १५ दिवसांतले पहिले सहा मी सर्दीने घरात होते, नंतर बर्फ पडला, सूचना दिसली तेव्हा चार दिवस उरले होते. रात्री बसून लिहिलं. समोर पाळणाघर आहे, कोपऱ्यावर झोपाळ्यांची बाग आहे, आणि मुख्य म्हणजे आधीच चार आहेत हो! नवरा मागून म्हणाला, “अगं, जरा मवाळ लिही.” मवाळ लिहिलं. काही आठवड्यांनी परवाना मंजूर.

मग मी शहाण्यासारखं आधी वाचायला हवं होतं ते नंतर वाचलं. हरकत तीनच मुद्द्यांवर चालते: लोकांचं आरोग्य आणि सुरक्षा, अल्पवयीनांचं संरक्षण, आणि बेकायदा धंद्याला आळा. ‘आधीच चार आहेत’ हा मुद्दाच नाही. ‘माझा चांभार गेला’ हा तर नाहीच नाही. म्हणजे विचारायचं खरं, पण मनातलं सोडून बाकी सगळं सांगा.

आणि टोरोंटोला आता माघारही घेता येत नाही. जानेवारी २०१९ पर्यंत शहरांना ‘आम्हाला दुकानं नकोत’ म्हणायची मुभा होती. प्रांतातल्या ४१४ पालिकांपैकी ७७ जणींनी नाही म्हटलं. टोरोंटोने हो म्हटलं, आणि एकदा हो म्हटलं की ते कायमचं. शेजारच्या मिसिसागा शहराने तेव्हा नाही म्हटलं होतं. माझी मैत्रीण तिथे राहते, मला चिडवायची, “ये गं आमच्याकडे, इथे अजून इडलीच्या पिठाची दुकानं आहेत.” एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्या कौन्सिलनेही हो केलं. परवा तिचा फोन आला. किराणा आणायला जाते त्या प्लाझात एक झालंय, सिग्नल ओलांडून समोरच्या प्लाझात दुसरं. मी म्हटलं, मोजायला लाग.

आपल्याकडे उभी बाटली-आडवी बाटली असते, आठवतंय? गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दारूचं दुकान बंद. त्यात राजकारण होतं, दमदाटी होते, एका गावातलं बंद होऊन वेशीपलीकडे उघडतं, सगळं मान्य. पण नांदेडकडच्या एखाद्या खेड्यातल्या, अंगठा उठवणाऱ्या आजीला तिच्या गल्लीतल्या दुकानाबद्दल जितकं बोलता येतं, तितकं मला इथे मालमत्ता कर भरून, दोन डिग्र्या घेऊन बोलता येत नाही. मला तर बंदही करायचं नाहीये. एक ठेवा, दोन ठेवा. सहावं नको एवढंच म्हणायचंय, आणि ते म्हणायला खिडकीच नाही!

असो. चेन.

नवऱ्याने आठवण करून दिली की लायब्ररीच्या अलीकडे ती ड्रायक्लीनरची जागा आहे, मागे कोरियन काकू मशीनवर बसलेल्या असतात, पँटी आखूड करून देतात. त्या चेनही लावतील. शनिवारी जॅकेट पिशवीत घालून, अंगावर नवऱ्याचं ढगळ जॅकेट चढवून निघाले. लांबून दुकानात उजेड दिसला, जिवात जीव आला. आत गेले तर रॅक अर्धे रिकामे. काकूंनी चेन बघितली, बोटाने रनर वरखाली केला आणि मान हलवली. मशीन विकलं म्हणाल्या. महिनाअखेर शेवट.

बाहेर आले तेव्हा काचेवरची सूचना दिसली. जाताना दाराच्या मागे गेली होती. बोटाने तारीख मोजली. १५ पैकी ११ दिवस उरलेत. या वेळी ‘आधीच पाच आहेत’ असं लिहिणार नाही, अल्पवयीनांचं संरक्षण लिहीन, व्यसनमुक्ती लिहीन, जे त्यांच्या चौकटीत बसतं तेच लिहीन. जॅकेटला सध्या सहा सेफ्टी पिना लावल्यात.