दोन पडदे, एक पोळपाट

घरून काम करता आणि तेही एकाच लॅपटॉपवर? अहो, लोक काय म्हणतील! नाशिकच्या गंगापूर रोडला टू-बीएचके, नोकरी पुण्याची, साहेब बंगळुरूचे, आणि टेबलावर स्क्रीन मात्र एकच. शोभत नाही. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, कोपऱ्यात तडा गेलेला टॅब घरात कुठेतरी पडलेला असेलच. तो काढा, पुसा. त्याचा दुसरा मॉनिटर करायचा आहे. काम दुप्पट होतं म्हणे.

आधी केबल. ड्रॉवरमधून पहिली जी टाइप-सी केबल हाताला लागेल ती नुसती चार्जिंगची निघेल. तिच्यात डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, पण हे कळायला पाऊण तास जायला हवा. एवढ्यात हार मानू नका. दुसरी केबल सापडली की ती लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टात खोचा. हा पोर्ट पाच व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट देतो, आणि स्क्रीनचा उजेड भरपूर वाढवलेला टॅब त्याहून जास्त खातो. त्यामुळे चार्जिंगची खूण झळकत राहते आणि बॅटरी ६१ वरून ५८ वर येते. महिनाअखेरीच्या घरखर्चाची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

ॲपलवाल्यांचं बरं असतं. त्यांच्याकडे २०१९ पासून साइडकार आहे, म्हणजे आयपॅडला मॅकचा दुसरा पडदा करणारी सोय. मॅक आणि आयपॅड एकाच खात्यावर, दहा मीटरच्या आत, की झालं काम. आपण विंडोज-अँड्रॉइडवाले, आपल्याला कष्टाची भाकरी गोड. टॅबचा मॉनिटर करणारं एखादं फुकटचं ॲप टाका, दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर आणा, विंडोजची कळ आणि पी दाबा. चार पर्याय येतात. त्यातला ‘एक्स्टेंड’ बरोबर, म्हणून तुमचं बोट ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’वर पडेल. लॅपटॉप काळाठिक्कर आणि अख्खं ऑफिस साडेदहा इंचांत.

आता माउसचा बाण शोधा. याला घाई करायची नाही. टॅब तुम्ही डावीकडे ठेवलेला असतो आणि विंडोजच्या मते तो उजवीकडे असतो. तुम्ही बाण डावीकडे ढकलता, तो भिंतीला डोकं आपटून तिथेच थांबतो. उजवीकडे ढकललात की नाहीसा. माउस उचला, आपटा, त्याखालची जत्रेतली चटई बदला. सेटिंग्जमध्ये एक आणि दोन असे दोन चौकोन असतात. दोन नंबरचा चौकोन ओढून एकच्या डावीकडे ठेवला की सगळं सुरळीत होतं. पण हे मला कळलं तेव्हा अकरा वाजले होते. सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्स्प्रेसनं नाशिकरोड सोडलेली माणसं मुंबईत उतरून चहाला लागली होती, आणि मी घरबसल्या अजून ऑफिसात पोहोचायचो होतो.

मीटिंगला दोन्हीकडून जॉइन व्हा, हे सांगायचं राहिलं. लॅपटॉपच्या स्पीकरमधला आवाज टॅबच्या माइकमध्ये, तिथून पुन्हा लॅपटॉपमध्ये, अशी जी शिट्टी घुमते तिनं झोपलेले सहकारी जागे होतात. हजेरी लागते.

वीज गेली तर घाबरू नका. लॅपटॉपला बॅटरी आहे, टॅबला बॅटरी आहे. राऊटरला नाही. दोन-दोन उजळलेले पडदे समोर आणि इंटरनेट शून्य, असं वैभव एका स्क्रीनवाल्याच्या नशिबी कुठलं!

राहता राहिला स्टँड. त्यावर पैसे घालवू नका. स्वयंपाकघरातला पोळपाट भिंतीला टेकवून उभा करा, खाली बेदाण्यांचा डबा लावा. टॅब अगदी डोळ्यांच्या पातळीवर येतो. मी विक्रीचं शीट ओढून टॅबवर नेलं, लॅपटॉपवर मीटिंग ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला मोठ्या पोस्टवरचा माणूस समजून पाणी प्यायला उठलो.

परत आलो तर टेबलावर नुसता बेदाण्यांचा डबा. पोळ्यांची वेळ झाली होती. आईनं पोळपाट नेला होता, आणि ‘पोराच्या शाळेचाच तर टॅब’ म्हणून कीर्तन ऐकायला तोही. वायफाय तेच, त्यामुळे माझं शीट ओट्यावर सुखरूप चालू होतं. तेवढ्यात साहेबांनी मार्चचा आकडा विचारला.

“आई, तिसऱ्या ओळीत काय लिहिलंय गं?”

“अरे, कीर्तन कुठे गेलं? हे कसले चौकोन आलेत?”

“असू दे. मार्चसमोरचा आकडा वाच. हात लावू नकोस, टच इकडे लागतो!”

“चारशे बावन्न. थांब, पीठ लागलंय त्यावर, पुसते.” तिनं पुसलं. चारशे बावन्नवर पट्टा ओढला गेला आणि सगळा रकाना निळा झाला.

माझा माइक चालूच होता. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग साहेबांचा आवाज आला, मोडक्या मराठीत, पण माझ्याशी बोलताना कधी नसतो इतका मऊ.

“काकू, खाली टोटल किती दिसते?”