डॉक्टरांनी न सुचवलेली चाचणी

अमेरिकेत कर्करोगाच्या कृष्णवर्णीय रुग्णांची जनुकीय चाचणी गौरवर्णीय रुग्णांपेक्षा कमी प्रमाणात होते, याविषयी आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो कारणांचा, आणि त्यात एक कारण फार सहजपणे पुढे केले जाते: कृष्णवर्णीयांचा वैद्यकव्यवस्थेवर विश्वास नाही, म्हणून ते चाचणीला तयार होत नाहीत. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारांविना ठेवून सरकारी आरोग्य खात्याने त्यांचे नुसते निरीक्षण केले; त्यामुळे हा अविश्वास निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही सारा दोष या अविश्वासावर टाकणे मला रुग्णांवर अन्याय करणारे वाटते.

पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा या राज्यांत २००७ ते २००९ दरम्यान स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या सुमारे तीन हजार स्त्रियांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बीआरसीए या जनुकांतला आनुवंशिक दोष स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो; कृष्णवर्णीय स्त्रियांची या जनुकांची चाचणी कमी झाली होती, आणि त्या वेगळ्या डॉक्टरांकडे जात होत्या एवढ्याने ही तफावत उलगडत नव्हती. जोखमीचा व इतर घटकांचा हिशेब केल्यावरही, डॉक्टरांनी आपल्याला चाचणी सुचवली असे सांगणाऱ्या स्त्रिया त्यांच्यात कमी होत्या. शिफारशीचा हा फरक लक्षात घेतला की चाचणीतली तफावत बरीच कमी होत होती, पूर्णपणे मिटत मात्र नव्हती. जिला कोणी विचारलेच नाही, तिच्या नकाराची चर्चा आपण कशाच्या आधारावर करतो?

अंडाशयाच्या कर्करोगाबाबत तर कोणतीच सबब टिकत नाही. या रोगाच्या प्रत्येक रुग्णाची, घराण्यात कर्करोग असो वा नसो, जनुकीय चाचणी व्हावी असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तरीही कॅलिफोर्निया आणि जॉर्जियात २०१३-१४ मध्ये निदान झालेल्या रुग्णांपैकी गौरवर्णीयांत सुमारे ३४ टक्के, तर कृष्णवर्णीयांत सुमारे २२ टक्के स्त्रियांचीच चाचणी झाली. गौरवर्णीयांचा आकडाही लाजिरवाणाच आहे, हे इथे नोंदवायला हवे. त्याच सुमारास, डिसेंबर २०१४ मध्ये, बीआरसीए जनुकात दोष असलेल्या अंडाशयाच्या कर्करोगावर ओलापरिब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे ज्या रुग्णाची चाचणी झाली नाही, तिच्यापुरते ते औषध असून नसल्यासारखेच होते.

खर्चाचे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी करणाऱ्या मायरियड जेनेटिक्स या कंपनीची नैसर्गिक जनुकांवरील पेटंटे अवैध ठरवली, स्पर्धा वाढली आणि तीन हजार डॉलरहून महाग असलेली चाचणी काही प्रयोगशाळांत काही शे डॉलरांवर आली. तफावत मात्र संपली नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांत असे जनुकीय दोष मुळातच विरळ असतात, हा समजही २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासाने खोडून काढला आहे: स्तनाचा कर्करोग झालेल्या दोन्ही गटांत ते पाच ते सहा टक्के, म्हणजे जवळपास सारखेच आढळले.

चाचणी झाली तरी पुढे आणखी एक अडसर असतो. जनुकातला बदल घातक की निरुपद्रवी, हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांकडून गोळा झालेली आहे. त्यामुळे कृष्णवर्णीय आणि आशियाई रुग्णांच्या अहवालांत ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा अधिक वेळा येतो. हा शेरा दक्षिण आशियाई, आणि म्हणून अमेरिकेतल्या आपल्या मराठी कुटुंबांच्याही वाट्याला येऊ शकतो. न्यू जर्सीतल्या एखाद्या रुग्णाच्या अहवालात बीआरसीएचा स्पष्ट दोष आला, तर सांगलीतल्या तिच्या सख्ख्या बहिणीत तो असण्याची शक्यता साधारण निम्मी असते. अहवाल अनिश्चित आला, तर बहिणीला सांगण्यासारखे ठोस काहीच हाती राहत नाही.

माझे मत असे की, ज्या कर्करोगांत ही चाचणी सर्वमान्य आहे, तिथे ती निदानानंतरच्या नेहमीच्या तपासण्यांतच धरली जावी. रुग्णाला तिचा उपयोग आणि परिणाम समजावून सांगावेत, आणि नको असल्यास नकार देण्याचा हक्क तिच्याकडे असावा. २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई केली असली, तरी आयुर्विमा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, हेही तिला आधीच सांगितले जावे. कोणाला विचारायचे हे डॉक्टरांच्या अंदाजावर सोडणे मात्र थांबले पाहिजे.