कार्ड मागता, आधी जिना बघा
कंपन्यांनी सरकारी योजनांशी जोडून घेऊन दिव्यांगांना नोकऱ्या द्याव्यात, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण एचआरवाले यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मागतात आणि मुलाखत ठेवतात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार खाजगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. किती जणांनी केलंय?

आमच्या पॅकिंग विभागात दोन कर्णबधिर मुलं आहेत. फोर्कलिफ्टच्या हॉर्नसोबत लाल दिवा लावला, सुपरवायझर थोड्या खुणा शिकला, बस्स. माणसं हवी असतील तर मुंबईतल्या केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या करिअर सेवा केंद्रात विचारा. तिथे नोंदणी झालेले उमेदवार असतात. आणि हो, पगार इतरांइतकाच द्या.