जॅकी चॅन कुठून सुरू करावा? (भाच्याने विचारलं म्हणून)

मे महिना, अमळनेर, दुपारचे दोन. रस्त्यावर कुत्रंही नाही. कूलरच्या टाकीत तिसऱ्यांदा पाणी ओतून झालंय आणि सुट्टीला आलेला भाचा गार फरशीवर आडवा पडून विचारतोय, "मामा, जॅकी चॅनचे जुने पिक्चर बघायचेत. कुठून सुरू करू, सांगा ना."

हा प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून मी तीस वर्षं वाट बघतोय. ऑफिसात कुणाला पडलेली नाही, आणि बायकोने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात हात जोडले होते. त्यामुळे उत्तर जरा लांबलंय. सांभाळून घ्या.

एक चूक भाच्याने आधीच करून ठेवली होती. त्याने 'रश अवर' लावला होता, १९९८ चा. अर्ध्या तासात मोबाइल हातात. पोराचा दोष नाही. त्यात जॅकी आहे, पण निम्मा वेळ शेजारचा माणूस बोलतोय आणि मारामारी आली की कॅमेरा इतका जवळ की कुणाचा हात कुणाच्या तोंडावर बसला ते कळत नाही. जेवायला बसवलं, भरिताचा वास दिला आणि ताटात नुसती कोशिंबीर वाढली, असं वाटतं.

दुसरी चूक शिस्तीची माणसं करतात. पहिल्यापासून क्रमाने बघायचं म्हणतात आणि १९७६ च्या 'न्यू फिस्ट ऑफ फ्युरी'त अडकतात. २० जुलै १९७३ ला ब्रूस ली गेला आणि हाँगकाँगमधले निर्माते दुसरा ब्रूस ली शोधायला निघाले. लो वेई नावाच्या दिग्दर्शकाने जॅकीला पकडलं. कपाळाला आठ्या घाल, सूड घे, हसू नको! अशोक सराफांना धरून 'अँग्री यंग मॅन' करायला लावावं तसं झालं ते. पिक्चर पडले. पडायलाच हवे होते.

तर माझं उत्तर: 'पोलीस स्टोरी', १९८५. पहिला हाच. त्यात दिग्दर्शकही जॅकीच.

मी हा पिक्चर पहिल्यांदा बघितला तेव्हा त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत दिवाळीनंतर वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचे. ओट्यावर टीव्ही, रस्त्यावर सतरंज्या, रात्रभर तीन पिक्चर. पहिला देवाचा, म्हातारीकोतारी बसावीत म्हणून. दुसरा मिथुनचा. तिसरा लागेपर्यंत रात्रीचे दोन वाजायचे आणि बायामाणसं उठून गेलेली असायची. त्या तिसऱ्या कॅसेटवर बॉलपेनने एवढंच लिहिलेलं होतं: 'फायटिंग, जॅकी'.

सुरुवातीलाच डोंगरउतारावरच्या एका झोपडपट्टीतून गाड्या खाली येतात. रस्त्याने नाही, घरांमधून. पत्रे, फळ्या, भिंती सगळं उडवत. मग गुंड एक डबलडेकर बस पळवतात आणि जॅकी मागून धावत येऊन छत्रीची वाकडी मूठ बसला अडकवतो. लटकतो. बस वळणावर झुलते, हा बाहेर फेकला जातो, पाय दुसऱ्या गाड्यांना घासतात, तरी सुटत नाही. आमच्या अख्ख्या सतरंजीवर कुणी श्वास घेत नव्हतं.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण आता मामाच झालोय तर सांगतो. त्यानंतर आठवडाभरात मी आबांची लाकडी मुठीची छत्री घेतली आणि केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून अडकवली. चार पावलं धावलो असेन. मूठ लोखंडी पट्टीवरून सरकली, छत्री उलटी झाली आणि मी तोंडावर. पुढचा दात अर्धा तुटला, तो अजून तसाच आहे. आबा धावत आले. मला वाटलं, मला उचलतील. त्यांनी आधी छत्री उचलली. "मनी छत्री मोडी टाकी रे पोऱ्यानी!"

किती तरी वर्षांनी वाचलं, शूटिंगच्या वेळी लाकडी छत्री बसवरून सारखी निसटत होती, म्हणून जॅकीने धातूची छत्री वापरली. आबा असते तर त्यांना दाखवलं असतं.

आता मुद्द्याचं. ब्रूस लीचा पिक्चर आपल्याला तो मारतो कसा ते बघायला लावतो. बसलेला वार आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, इतका झपाटा. तो देव आहे, त्याला लागत नाही. जॅकीला लागतं. हात झटकतो, डोळे मिटतो, 'आई गं' करतो, पळून जातो, कोपऱ्यात सापडतो आणि मग जे हाताला लागेल ते उचलतो: स्टूल, शिडी, सायकल. तो मारतो कसा यापेक्षा तो पडतो कसा हे बघायचं. एवढं ध्यानात ठेवलं की त्याचा कुठलाही चांगला पिक्चर उलगडतो. चेहऱ्यावर शौर्य नसतं, "आता काय करू?" असतं.

आणि तो ते लपवत नाही. कॅमेरा लांब ठेवतो, दोघेही डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. आपल्याकडे यात्रेत बोरी नदीच्या पात्रात कुस्ती बघायला उभं राहिल्यावर जसं दिसतं तसं. पाठ मातीला लागली की नाही, ते तुम्हीच ठरवा. आणि मोठा वार असेल तर जॅकी आणखी एक लबाडी करतो: लांबून वार बसताना दाखवतो, लगेच जवळून तोच क्षण किंचित मागे घेऊन पुन्हा दाखवतो. डोळ्याला जोड कळत नाही, पण वार दुप्पट जड लागतो. मी भाच्याला ते थांबवून थांबवून दाखवलं. पोरगं फरशीवरून उठून बसलं, हे महत्त्वाचं.

शेवटची मारामारी एका मोठ्या दुकानात, म्हणजे आजच्या भाषेत मॉलमध्ये. एवढी काच मी कुठल्या पिक्चरमध्ये फुटताना बघितली नाही. शूटिंग करणारी माणसंच त्याला 'ग्लास स्टोरी' म्हणायची. काच खोटीच, पण नेहमीपेक्षा जाड. माणसं शोकेसमधून जातात, सरकत्या जिन्यावरून गडगडतात. आणि मग ती उडी. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून जॅकी मधल्या मोकळ्या जागेत उभ्या खांबावर झेप घेतो आणि दिव्यांच्या माळा फोडत, ठिणग्या उडवत खाली घसरत येतो, काचेतून आरपार थेट फरशीवर. दिव्यांनी खांब तापला होता. तळहात भाजले, पाठीला मार बसला, कमरेचं हाड सरकलं. पिक्चरमध्ये ती उडी लागोपाठ तीनदा दाखवतात, वेगवेगळ्या बाजूंनी. उडी मात्र एकदाच मारली होती. गल्लीतल्या ओट्यावर कुणीतरी म्हणालं होतं, "खरंच पडना का रे भो तो?" उत्तर: हो, खरंच पडना.

दोष आहेत की. मधला कोर्टाचा भाग लांबतो. मॅगी चुंगसारखी नटी, जी पुढे किती मोठी झाली, तिच्या वाट्याला इथे नुसतं रुसणं. त्या काळच्या हाँगकाँगच्या विनोदाला बायकांशी वागायचं कळत नव्हतं, हे मान्य करून पुढे जायचं. पण त्याच मधल्या भागात तो एका खेड्यातल्या पोलीस चौकीत एकटा चार-पाच फोन सांभाळतो, तारा गळ्यात, रिसिव्हर अदलाबदल. आणि बाहेर शेणात पाय पडल्यावर मायकल जॅक्सनसारखा मागे सरकत बूट पुसतो. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

इथून मागे जा. 'प्रोजेक्ट ए', १९८३. समुद्री चाचे, खलाशी पोलीस, जुनं हाँगकाँग. गल्लीबोळातला सायकलचा पाठलाग म्हणजे विनोद आणि कसरत यांचं लग्न. आणि घड्याळाचा मनोरा. काट्याला लटकलेला जॅकी, हात सुटतो, दोन कापडी छतं फाडत डोक्यावर जमिनीला. १९२३ मध्ये हॅरॉल्ड लॉइड मूकपटात घड्याळाला लटकला होता, त्याला केलेला हा नमस्कार. फरक एवढाच की लॉइड पडला नव्हता.

मग 'व्हील्स ऑन मील्स', १९८४. कथा शोधू नका, नाहीये. स्पेनमधल्या बार्सिलोनात खाद्यपदार्थांची गाडी चालवणारे दोघे. (नाव मुळात उलटं होतं. 'एम' अक्षराने सुरू झालेले कंपनीचे आधीचे पिक्चर पडले म्हणून शब्द फिरवले म्हणतात. म्हणजे नावाच्या स्पेलिंगमध्ये अक्षरं वाढवणारे आपलेच नाहीत.) शेवटी जॅकी आणि बेनी उर्किडेझ समोरासमोर येतात. बेनी खराखुरा किकबॉक्सिंग चॅम्पियन. त्याची एक लाथ हवेतून जाते आणि मेणबत्त्या विझतात. जॅकी आधी घाबरतो, मग थकतो, मग ठरवतो की हा सराव आहे असं समजून सैल व्हायचं, आणि तिथून लढत फिरते. माझ्या मते दोन माणसांमधली यापेक्षा सरस मारामारी त्याने नंतर एकदाच केली.

ती एकदा म्हणजे १९९४ चा दुसरा 'ड्रंकन मास्टर'. पण त्याआधी पहिला बघायचा, १९७८ चा, युएन वू-पिंगचा. लो वेईच्या तावडीतून थोडे दिवस उसना मिळालेला जॅकी इथे मोकळेपणाने हसतो. वाया गेलेलं पोरगं, दारुडा गुरू, आणि दारू प्यायलेल्या आठ देवांच्या आठ चाली. आठवी चाल बाईची, म्हणून हे लाजून शिकतच नाही आणि शेवटी नेमकी तीच लागते. तो दारुडा गुरू करणारा म्हातारा म्हणजे दिग्दर्शकाचे सख्खे वडील. गुरूने दिलेल्या शिक्षा बघून भाचा म्हणाला, "हे तर आमच्या अकॅडमीच्या सरांसारखं." बारावीची जखम ताजी आहे अजून.

दुसऱ्या भागाची शेवटची पंधरा-वीस मिनिटं पोलाद कारखान्यात आहेत. जॅकी चाळिशीला टेकलेला, समोर केन लो, एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाने न थांबता लाथा मारणारा. जॅकी धगधगत्या कोळशांवरून हात टेकत मागे सरकतो. मी इथे काही लिहीत नाही. कूलर बंद करून बघा, आवाज नीट येतो.

बाकीचं भराभर. 'पोलीस स्टोरी ३' (१९९२) मिशेल योसाठी. ती मोटारसायकल चालवत धावत्या ट्रेनच्या टपावर उतरते आणि जॅकीला तोडीस तोड ठरते. तिला ऑस्कर मिळायला २०२३ उजाडलं. 'रंबल इन द ब्राँक्स' (१९९५) चालेल, न्यूयॉर्कच्या मागे कॅनडाचे डोंगर दिसतात तिकडे दुर्लक्ष करा. 'कुंग फू योगा'त आपला सोनू सूद आहे, तरीही नको. आणि भाषेवरून वाद घालू नका. त्या काळी हाँगकाँगमध्ये आवाज नंतरच भरायचे, त्यामुळे 'ओरिजिनल'मध्येसुद्धा ओठ आणि आवाज जुळतीलच असं नाही. हिंदीत मिळाला तर हिंदीत बघा.

पिक्चर संपला की उठायचं मात्र नाही. नावं येतात तेव्हा चुकलेले शॉट दाखवतात. परवा 'पोलीस स्टोरी' संपला तेव्हा आई शेवया हलवायला गच्चीवर निघाली होती, ती दारात थांबली. पडद्यावर काच फुटत होती, माणसं कळवळत होती, कुणाला तरी धरून उठवत होते.

"याले माय-बाप नव्हता का?" आई म्हणाली.

होते, म्हटलं. वडील स्वयंपाकी. ऑस्ट्रेलियात नोकरी लागली तेव्हा पोराला हाँगकाँगच्या एका नाटक-कसरतीच्या शाळेत ठेवून गेले. सहा-सात वर्षांचा होता. दहा वर्षांचा करार. पहाटे उठायचं, कोलांट्या, तासन्‌तास हातांवर उभं राहायचं, चुकलं की गुरूजींची छडी. सॅमो हंग, युएन बियाओ हे पुढच्या पिक्चरमधले दोस्त तिथलेच. शिकून बाहेर पडले तोवर ती नाटकंच कोण बघेना, म्हणून सगळे पिक्चरमध्ये पडायच्या कामाला लागले. ब्रूस लीच्या पिक्चरमध्येही हा मार खाणाऱ्यांत होता.

आई थोडा वेळ उभी राहिली. "म्हंजे तमाशातल्या पोरांसारखंच," ती म्हणाली. तिच्या माहेरी यात्रेला फड यायचा. तंबूमागे एवढाली पोरं ढोलकीवर झोपलेली असायची, आणि रात्री तीच उठून कोलांट्या मारायची. त्यांना भाकरी नेऊन द्यायचं काम तिच्याकडे असायचं.

शेवया वाळल्या होत्या. ती गेली नाही. पदराने घाम पुसत कूलरसमोर बसली आणि नातवाला म्हणाली, "लाव ना. आता कोणता शे?"