नळाशी काटकोन

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीला महापालिकेचे पाणी ज्या नळातून येते, तो फाटकापासून खालच्या टाकीपर्यंत नेमका कोणत्या वाटेने जातो हे कोणालाही ठाऊक नाही; मत मात्र प्रत्येकाचे आहे आणि ते ठाम आहे. गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांतले पाणी कित्येक किलोमीटर न चुकता शहरापर्यंत येते, शुद्ध होते, जलकुंभात चढते, कॉलनीच्या रस्त्यापर्यंत उतरते, आणि आमच्या फाटकातून आत शिरल्यावर शेवटच्या काही मीटरांत बेपत्ता होते. बिल्डरने दिलेल्या नकाशात हा नळ एका सरळ निळ्या रेषेने दाखवलेला आहे. ती रेषा लिफ्टच्या खड्ड्यातून जाते.

गळती आहे हे उघड होते. सकाळी पाणी सुटून टाकी भरली, बॉलकॉक मिटला, तरी फाटकापाशी बसवलेल्या मीटरची चक्री पाण्याला दाब असेपर्यंत शांतपणे फिरत राही. म्हणजे मीटर आणि टाकी यांच्या दरम्यान कोठे तरी आम्ही स्वखर्चाने काळ्या मातीला पाणी पाजत होतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या, तळमजल्यावरच्या अण्णांच्या मते नळ कंपाउंडच्या भिंतीलगत जातो, कारण शहाण्या माणसाने तो तसाच टाकला असता. पहिल्या मजल्यावरच्या माईंना तो पार्किंगच्या मधोमध पुरताना पाहिल्याचे स्पष्ट आठवते, कारण त्या दिवशी त्यांच्याकडे सत्यनारायण होता आणि पाहुण्यांना मातीच्या ढिगाऱ्यावरून यावे लागले होते. खोदून पाहावे, तर सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवलेले. त्यांची वर्गणी काही सभासदांकडून अद्याप यायची आहे, आणि ब्लॉक उखडण्यास सर्वांत कडवा विरोध त्याच सभासदांचा होता.

निफाडकडे द्राक्षबाग असलेल्या एका सभासदांनी पाणाड्या आणण्याची सूचना केली. तळहातावर आडवा धरलेला नारळ पाण्याच्या जागी आपोआप उभा राहतो अशी ज्यांची ख्याती असते, त्या मंडळींना बोअर घेण्यापूर्वी आपल्याकडे अजूनही मान आहे. त्यावर अण्णांनी एवढेच विचारले, की आवाराखाली आपलीच भरलेली टाकी असताना नारळ तिच्यावर उभा राहिला, तर त्याची चूक काढायची कशी. या प्रश्नाला उत्तर नसल्याने सूचना बारगळली, आणि चिटणीस या नात्याने जमिनीखालचा नळ शोधणारे यंत्र मागवण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

यंत्राचे दोन भाग असतात. ट्रान्समीटर ही एक पिवळी पेटी. ती ठरावीक वारंवारितेचा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह नळात सोडते. विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते हे फॅरेडे यांनी १८३१ मध्ये. दुसरा भाग, म्हणजे हातात धरायचा रिसीव्हर, या दोन शोधांवरच चालतो. त्याच्या पोटातल्या वेटोळ्यांना जमिनीखालच्या प्रवाहाची चाहूल लागली, की तो विव्हळू लागतो. यंत्राबरोबर आलेल्या तरुणाने आरंभीच बजावले, ‘‘काका, हे यंत्र नळ दाखवत नाही. नळातून जाणारा आपला करंट दाखवतं. करंट जिकडे जाईल तिकडे हे जाणार.’’ हे वाक्य सर्वांनी ऐकले आणि कोणीही मनावर घेतले नाही.

पेटीला लाल आणि काळा असे दोन चिमटे असतात. लाल चिमटा नळाला, गंज खरवडून उघड्या केलेल्या धातूवर लावायचा, आणि काळा चिमटा जमिनीत ठोकलेल्या सळईला, म्हणजे नळातून निघालेला प्रवाह मातीतून सळईकडे परत येतो आणि फेरा पूर्ण होतो. सळई कोठे ठोकायची याचा नियमही ठरलेला आहे: नळापासून शक्य तितकी दूर आणि नळाच्या दिशेशी काटकोनात. मी ते पुन्हा सांगायला लावले. ज्या नळाची दिशा माहीत नाही म्हणून हे यंत्र भाड्याने आणले, त्याच नळाशी काटकोन करून सळई ठोकावयाची होती. शिवाय सळई आणि नळ यांच्यामध्ये दुसरी कोणतीही पुरलेली वाहिनी नसावी, असेही एक पोटकलम होते. अण्णांच्या नळाशी काटकोन केला तर सळई माईंच्या नळावर येत होती, आणि माईंच्या नळाशी केला तर अण्णांच्या.

शेवटी हा प्रश्न भूमितीने नव्हे तर मातीने सोडवला, कारण पेव्हर ब्लॉक नसलेली जागा आवारात एकच होती: अध्यक्षांच्या पत्नीने वाढवलेल्या कढीपत्त्याचे आळे. मे महिन्यात माती भेगाळलेली होती आणि कोरड्या मातीतून प्रवाह नीट परतत नाही, म्हणून तरुणाने सळईच्या बुंध्याशी ओतायला बादलीभर पाणी मागितले. ज्या सोसायटीत पाण्याच्या टँकरच्या बिलावरून भांडणे होऊन सभा तहकूब झालेल्या आहेत, तेथे भर दुपारी एका लोखंडी सळईला पाणी घालताना पाहून गॅलऱ्यांमधून जे उद्गार निघाले, ते इतिवृत्तात घेतलेले नाहीत.

यंत्र सुरू झाले. रिसीव्हर विव्हळला, तरुण निघाला, आणि त्याच्या मागोमाग आम्ही सर्व, कडेवरच्या नातवंडांसह. आवाज उत्तम होता, रेषा सरळ होती, आणि ती फाटकातून बाहेर जात होती. रस्ता ओलांडून समोरच्या बंगल्याच्या भिंतीपाशी पोहोचल्यावर आमच्या लक्षात आले, की आपण टाकीपासून दूर चाललो आहोत. तरुणाला याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. रस्त्याखालची मुख्य वाहिनी बिडाची, लांबलचक आणि मातीशी घट्ट भिडलेली, त्यामुळे प्रवाहाला तिकडचा मार्ग सोपा वाटला आणि बहुतेक सगळा प्रवाह तिकडेच गेला. बंगल्याचे मालक बाहेर आले. पंचवीस माणसे आणि एक विव्हळणारे यंत्र आपल्या दारात कशासाठी उभे आहे, हे मी त्यांना समजावून सांगेपर्यंत तरुणाने परत जाऊन प्लंबरकडून मीटरनंतरचे युनियन, म्हणजे दोन नळ जोडणारा आट्यांचा सांधा, सोडवून घेतले होते. रस्त्याशी धातूचा संबंध तुटला आणि प्रवाहाला नाइलाजाने आमच्या आवारात यावे लागले.

येथे पार्किंग आडवे आले. मोटारींचे पत्रे खालचे चुंबकीय क्षेत्र वेडेवाकडे करतात, तेव्हा सर्वांनी आपापल्या गाड्या काढाव्यात अशी विनंती करण्यात आली. सर्वांनी काढल्या. जी एकच गाडी उरली तिचे मालक पुण्याला मुलीकडे गेलेले होते, आणि रेषा तिच्याच खाली शिरत होती. गाडीच्या पुढे उताराला जो काँक्रीटचा थर आहे त्यात सळयांची जाळी असल्यामुळे तेथे तर रिसीव्हर कोठेही धरला तरी सारखाच विव्हळत असे.

या प्रकारच्या दुःखाची परंपरा मोठी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांतली एक शरीरात अडकून राहिली, तेव्हा ती शोधण्यासाठी टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः विद्युत-चुंबकीय यंत्र घेऊन गेले होते. यंत्राने भलतेच आवाज काढले, कारण अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारा होत्या. त्यातच मुख्य डॉक्टरांचे गोळी उजव्या बाजूला आहे असे ठाम मत असल्याने त्यांनी बेल यांना तीच बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. मला त्या डॉक्टरांच्या जागी सारखे अण्णा दिसत होते, कारण ते तरुणाला पुन्हा पुन्हा कंपाउंडच्या भिंतीकडे ओढत होते.

गाडीच्या पलीकडे रेषा पुन्हा सापडली, आणि सोसायटीत दोन पक्ष पडले. रिसीव्हर दोन रीतींनी ऐकतो. एका रीतीत नळाच्या बरोबर वर आवाज कमाल होतो. दुसऱ्या रीतीत नळाच्या बरोबर वर तो शून्य होतो आणि दोन्ही बाजूंना वाढतो. दोन्ही खुणा एकाच जागी आल्या तर जागा खरी. आमच्याकडे त्या वीतभर अंतरावर आल्या. याचा अर्थ शेजारी दुसरे काही तरी धातूचे पुरलेले आहे आणि थोडा प्रवाह त्यातूनही जात आहे, असे तरुण सांगत होता. पण तोवर अण्णा शून्याच्या बाजूला आणि माई कमालीच्या बाजूला निश्चित झाल्या होत्या. ते दुसरे काही तरी म्हणजे पूर्वीच्या, आता आटलेल्या बोअरचा नळ असावा, असे वॉचमनने मध्येच सांगितले. त्याला कोणी काही विचारलेच नव्हते.

दरम्यान खूण कशाने करायची हा प्रश्न निघाला. अमेरिकेत याचे रंग ठरलेले आहेत: पाण्याला निळा, विजेला लाल, गॅसला पिवळा. तरुणाकडचा रंगाचा डबा संपलेला होता, म्हणून माईंनी रांगोळी आणून दिली. नळाची रेषा उमटली, ती फार सुंदर उमटली, आणि तिच्या दोन्ही अंगांना वेलबुट्टी काढण्याचा मोह माईंच्या नातीला आवरला नाही. दुसऱ्या दिवशी झाडूवालीने ती सगळी झाडून टाकली, तेव्हा ती रेषा पुन्हा शोधावी लागली. वेल मात्र कोणी शोधायला सांगितली नाही.

यानंतर रेषा एका जागी आली आणि यंत्र गप्प झाले. कमाल नाही, शून्य नाही, काहीच नाही. तरुणाने वारंवारिता वाढवली. पाचशे बारा हर्ट्झचा संथ प्रवाह नळ धरून लांबवर जातो. आठ हजारांवर बहुतेक नेहमीची कामे होतात. तेहतीस हजार आणि त्याहून वर गेले तर तो सांध्यातल्या रबराच्या अडथळ्यावरूनही उडी मारतो, पण मग लग्नाच्या वऱ्हाडातल्या पाहुण्यासारखा जे दार उघडे दिसेल त्यात शिरतो. आमचा प्रवाह लिफ्टच्या अर्थिंगमध्ये शिरला. यंत्र आता लिफ्टच्या दिशेने विव्हळू लागले आणि बिल्डरच्या नकाशाला क्षणभर प्रतिष्ठा प्राप्त झाली.

‘‘पुढे प्लास्टिक असणार,’’ तरुण म्हणाला. मधल्या काळात कोणी तरी टाकीकडचा तुकडा बदलून पीव्हीसीचा टाकला होता, आणि पीव्हीसीतून प्रवाह जात नाही. नवा नळ पुरताना त्याच्यासोबत तांब्याची एक तार सोडून ठेवली असती तर तिच्यावरून तो सापडला असता, पण तेवढी तार त्या वेळच्या समितीने वाचवली असावी. उपाय एकच होता: पोटात तार असलेली लवचीक काठी टाकीच्या बाजूने नळात सारायची आणि त्या तारेत प्रवाह सोडायचा. काठी आत गेली, रिसीव्हरला ती दिसली, आणि पहिल्या एल्बोला, म्हणजे वळणावरच्या काटकोनी जोडाला, अडकली. प्लंबरने काठी घालण्याचा विचार करून एल्बो बसवलेला नसतो.

खोली मोजताना अण्णा खुलले. यंत्र आपल्या पोटातल्या खालच्या-वरच्या वेटोळ्यांची तुलना करून खोली सांगते, पण ती नळाच्या मध्यापर्यंतची असते आणि वळणापाशी तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. अण्णांनी नातवाच्या कंपासपेटीतला पंचेचाळीस अंशांचा गुण्या मागवला, शून्याच्या रीतीतला रिसीव्हर तेवढा तिरपा धरायला लावला, आणि रेषेपासून बाजूला सरकत आवाज जेथे नाहीसा झाला तेथपर्यंतचे अंतर टेपने मोजले. ते अंतर म्हणजेच खोली. पासष्ट सेंटिमीटर. यंत्रानेही तेवढीच सांगितली, तेव्हा अण्णांनी यंत्राचे अभिनंदन केले.

तेवढ्यात निफाडच्या सभासदांनी विचारले, ‘‘बरं, मग गळती कुठे आहे?’’

तरुणाने सांगितले की हे यंत्र गळती दाखवत नाही. गळती ऐकावी लागते. जमिनीला कान लावल्यासारखे एक वेगळे यंत्र असते आणि त्याला रात्रीची शांतता लागते. आमच्या नळात रात्री दाबच नसतो. तो असतो सकाळी, दूधवाल्यांच्या मोटारसायकली, शाळेच्या बसेस आणि ध्वनिक्षेपक लावलेली घंटागाडी यांच्या सहवासात. तरीही ओळखीचे एक जुने नळ कारागीर पहाटे आले, पहारीचे एक टोक जमिनीला व दुसरे कानाला लावून बसले, आणि बराच वेळ ऐकून त्यांनी कचरा ओला-सुका वेगळा करावयाचा असल्याचे सांगितले.

मग तरुणाने आपले मत दिले. जेथे लोखंड संपून प्लास्टिक सुरू होते, जेथे यंत्र गप्प झाले, तोच सांधा आधी उघडून पाहावा. खणण्यापूर्वी जवळपास विजेची केबल आहे का हे पाहण्यासाठी त्याने रिसीव्हर पन्नास हर्ट्झवर लावला, पण केबलमधून भार वाहत असल्याशिवाय ती नीट दिसत नाही. म्हणून मे महिन्याच्या दुपारी सर्व घरांतले गिझर लावण्याची सूचना मला चिटणीस म्हणून द्यावी लागली. गॅसची नळी प्लास्टिकची, ती कोणत्याच रीतीने बोलणार नव्हती. म्हणून जेसीबी नको, हातानेच खणा, असे त्याने बजावले.

पासष्ट सेंटिमीटरवर नळ निघाला. लोखंडी नळाच्या तोंडात पीव्हीसीचा नळ कोंबून त्यावर सायकलची ट्यूब करकचून गुंडाळलेली होती, आणि ट्यूबच्या खालून पाणी निवांत झिरपत होते. प्लंबरने तो सांधा सोडवण्यासाठी पान्हा लावताच मागचा गंजलेला नळ हातभर अंतरावर मोडला, आणि पुढे पान्हा लावायला धड नळच उरला नाही. तातडीच्या सभेत ठरले, की नवी लाइन जमिनीत पुरू नये. ती कंपाउंडच्या भिंतीला क्लॅम्प मारून उघडी न्यावी. अण्णांनी माईंकडे पाहिले. जुना नळ उपटून काढायचा खर्च फार असल्याने तो आहे तेथेच राहू द्यावा, हा ठराव एकमताने संमत झाला.

पेटी गाडीत ठेवता ठेवता तरुण म्हणाला, ‘‘काका, खाली आता दोन मेलेल्या लाइनी झाल्या. पुढे कधी काही शोधायला बोलावलंत तर आधी सांगा. नाहीतर मी येऊन त्याच शोधून देईन.’’