महिन्याला एक टक्का म्हणता, बाकीचे टक्के कुठं गेले?

सोलापुरात सात रस्त्याकडच्या कुठल्यातरी हॉटेलचा एसी हॉल, दुबईचे फ्लॅट विकायला मांडलेला. दारात फुगे, टेबलावर काचेच्या पेटीत चकचकीत टॉवरचं मॉडेल, आणि कोट घातलेला पोरगा मोबाइलवर आकडे दाबत सांगतोय, "काका, तुमचा मुलगा दुबईतच आहे ना? महिन्याला फक्त एक टक्का. तिथं भाडं भरण्यापेक्षा स्वतःचा फ्लॅट होऊ द्या की." समोर आई-बाप माना डोलावतायत. आई हळूच विचारते, "आन् वास्तुशांत कधी करायची ओ?" हे बघितलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

राग यायचं पहिलं कारण तो 'एक टक्का' हा शब्दच. आपल्याकडं शेकडा एक म्हटलं की माणसाच्या डोक्यात व्याज येतं. सावकाराचं शेकडा तीन, एक म्हणजे घरातल्या माणसाचा भाव. त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटतं, लई स्वस्तात काम झालं. पण हा टक्का व्याजाचा नाही, फ्लॅटच्या पूर्ण किमतीचा आहे. विकणाऱ्याला हा घोटाळा पक्का माहीत असतो, तरी तोंडातून दुरुस्ती निघत नाही.

चला, मांडू हिशोब. बांधकाम चालू असलेला फ्लॅट, किंमत ८ लाख दिरहम. दिरहम २४ रुपये धरा. बुकिंगला २० टक्के, म्हणजे १,६०,०००. वर दुबई लँड डिपार्टमेंटची नोंदणी फी ४ टक्के, ३२,०००. (कायद्यानं ही फी विकणारा आणि घेणारा यांच्यात अर्धी-अर्धी आहे, पण करारात ती सगळी घेणाऱ्याच्या गळ्यात मारलेली असते.) म्हणजे पहिल्या फटक्यात १,९२,००० दिरहम, ४६ लाख रुपये. मग तो लाडका एक टक्का, दरमहा ८,०००, असे ४० महिने. १५,००० पगार असलेल्या पोराचा अर्ध्याहून जास्त पगार इथंच संपला. खोलीभाडं, जेवण, घरी पाठवायचे पैसे उरलेल्यात बसवा. सव्वातीन वर्षांहून जास्त पोरगं बेडस्पेसमध्ये, म्हणजे चार जणांच्या खोलीतल्या भाड्याच्या खाटेवर काढतं आणि शेवटी भरलेले किती? ६० टक्के. उरलेले ४० टक्के, ३,२०,००० दिरहम, पाऊण कोटीच्या वर रुपये, ताब्याच्या दिवशी एकरकमी. माहितीपत्रकात ही ओळ असते, पण खाली, बारीक अक्षरात. आणि हॉलमधल्या कॅल्क्युलेटरवर ती कधीच येत नाही.

विचारलं तर उत्तर तयार: "तेव्हा बँक देईल की." देईल, पण कुणाला? परदेशी माणसाला पहिल्या घरावर किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं, हे खरं आहे. पण तिथल्या सेंट्रल बँकेचा नियम असा आहे की सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. त्या 'सगळ्या' मध्ये गाडीचं कर्ज येतं, पर्सनल लोन येतं, आणि क्रेडिट कार्ड वापरलं नसलं तरी त्याच्या लिमिटचा ठराविक भाग बँक हप्ता म्हणून धरते. मुदत जास्तीत जास्त २५ वर्षं, आणि पगारदाराचं कर्ज साधारण ६५ वर्षांच्या आत संपलं पाहिजे. पन्नाशीतल्या माणसाचा हप्ता एवढ्यानंच फुगतो. वर मालमत्तेची किंमत बँकेचा व्हॅल्युअर ठरवतो, बिल्डर नाही. आणि मूळ अट म्हणजे त्या दिवशी नोकरी हातात हवी. कंपनीनं कपात केली, नाहीतर पोरगं नव्या नोकरीत प्रोबेशनवर असलं, तर बँक दारात उभी करत नाही. ताब्याची तारीख मात्र त्यासाठी थांबत नाही. बिल्डरचे पैसे आणि बँकेचं कर्ज, दोन्ही गोष्टी एकाच पगारावर टांगलेल्या आहेत, हे त्या हॉलमध्ये कोण सांगतं? कुणीच नाही.

आता हप्ता थकला तर. इथं सोलापुरातला सल्ला असा असतो, "थकला तर थकला, भरलेलं परत मिळेल, तिकडं कायदे कडक आहेत." कायदे कडक आहेतच, पण कुणाच्या बाजूनं ते वाचा. दुबईचा २००८ चा १३ क्रमांकाचा कायदा, २०२० मध्ये सुधारलेला. बिल्डर लँड डिपार्टमेंटला कळवतो, ते डिपार्टमेंट तुम्हाला ३० दिवसांची नोटीस देतं. तोवर भरलं नाही, आणि इमारत ६० टक्क्यांपेक्षा कमी झालेली असेल, तर बिल्डर करार रद्द करून २५ टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो. ६० च्या पुढं गेली असेल तर ४० टक्क्यांपर्यंत. आणि कशाचे टक्के? भरलेल्या रकमेचे नाहीत ओ, फ्लॅटच्या किमतीचे! ८ लाखांवर २५ टक्के म्हणजे २ लाख. बुकिंग आणि दहा हप्ते मिळून २,४०,००० भरलेल्याला परत मिळतात ४०,०००. इमारत ६० टक्क्यांच्या पुढं असेल तर ठेवून घ्यायची मर्यादा ३,२०,०००, म्हणजे हातात शून्य. नोंदणीचे ३२,००० वेगळे गेले. आणि जे काही परत द्यायचं ते देण्यासाठीही बिल्डरला वर्षभरापर्यंत मुदत.

"मग मधेच विकून टाकू" हाही मंत्र ऐकून ऐकून कान किटले. विकायला बिल्डरचं ना-हरकत पत्र लागतं, आणि बहुतेक करारांत ३० ते ४० टक्के रक्कम भरल्याशिवाय ते मिळत नाही. शिवाय त्याच इमारतीत बिल्डरचेच न विकलेले फ्लॅट असतात, नव्या स्कीमसकट. तुमचा जुना फ्लॅट रोख रकमेला घ्यायला कोण येणार, त्याच मजल्यावर नवा हप्त्यानं मिळत असताना?

भाड्याचा हिशोब तर उघड फसवणूक आहे. माहितीपत्रकावर ठळक लिहिलेलं असतं, साडेसात टक्के परतावा. कसा काढला? वर्षाचं भाडं ६०,०००, भागिले ८ लाख. बस. आता खर्च घाला. ७०० चौरस फुटांवर सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभालीचा आकार, १५ दिरहम फूट धरला तर वर्षाला १०,५००, फ्लॅट रिकामा असला तरी द्यायचाच. तुम्ही सोलापुरात, नाहीतर दुसऱ्या अमिरातीत, म्हणून सांभाळणारी कंपनी, भाड्याच्या ५ टक्के, ३,०००. वर्षात एक महिना रिकामा, ५,०००. एसी, गळती, रंग, २,५००. उरले ३९,०००. आणि घातलेली रक्कम ८ लाख नाही, नोंदणीसकट ८,३२,०००. पावणेपाच टक्क्यांच्या आत आलं. ज्या माणसाला जमिनीचा तुकडा घेताना सातबारा, फेरफार, गटनकाशा तीनदा तपासायची सवय आहे, तो इथं एक भागाकार तपासत नाही, याचं वाईट वाटतं. दोष त्याचा नाही. समोरचा कागदच अर्धा ठेवतो.

भाडं दरवर्षी वाढतं, हेही खोटं. दुबईच्या २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या आदेशानं वाढ बांधलेली आहे. चालू भाडं त्या भागाच्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य. त्यापेक्षा जास्त फरक असेल तर ५, १०, १५ अशा पायऱ्या आणि कमाल २०. तीही ९० दिवस आधी कळवून. आणि विकायचं आहे म्हणून भाडेकरू उठवायचा तर नोटरीमार्फत १२ महिन्यांची नोटीस. पोरीचं लग्न ठरलं म्हणून दोन महिन्यांत फ्लॅट मोकळा करून विकू, असलं काही तिथं चालत नाही.

क्षेत्रफळाचं थोडक्यात: विक्रीच्या आकड्यात बाल्कनी धरलेली असते. गोल्डन व्हिसाचं त्याहून थोडक्यात: त्याला २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. ८ लाखांच्या फ्लॅटवर 'दहा वर्षांचा व्हिसा' सांगणाऱ्याला तिथंच उठवा.

सगळ्यात संताप कशाचा, तर पैसे इकडून उभे करायच्या सल्ल्यांचा. होटगी रोडचा प्लॉट विका, भावाच्या नावावरून पाठवा. भाऊ सोलापुरात राहतो, म्हणजे तो निवासी. त्याला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, ठीक. पण १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, आधीच कापून घेते. त्या ताब्याच्या ३,२०,००० दिरहमसाठी ७६ लाख ८० हजार पाठवायचे तर १३ लाख ३६ हजार वेगळे हाताशी हवेत. ते बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात नाहीतर परत मिळतात, पण परत येईपर्यंत बिल्डरची तारीख निघून गेलेली असते. मग कुणीतरी कानात सांगतं, "इथं रोख द्या, तिकडं दिरहम मिळतील." ही सरळ सरळ हवाला आहे. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. ज्यानं कानात सांगितलं त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. तुमच्या घरच्यांचं असतं.

आणि एजंटच्या खात्यावर 'टोकन' म्हणून पैसे टाकणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, थांबा. २००७ च्या ८ क्रमांकाच्या कायद्यानं प्रत्येक प्रकल्पाचं स्वतंत्र एस्क्रो खातं असतं, म्हणजे घेणाऱ्यांचे पैसे त्या प्रकल्पासाठीच राखून ठेवणारं बँक खातं. पैसे फक्त तिथं. दुबई रेस्ट नावाचं सरकारी ॲप फुकट आहे. त्यात प्रकल्पाचं नाव टाका, बांधकाम किती टक्के झालं ते बघा, दलालाचा परवाना क्रमांक टाकून बघा. पाच मिनिटांचं काम. सोलापुरात हॉल घेऊन बसलेल्या पोराला फक्त एवढं विचारा: तुझा परवाना क्रमांक काय, एस्क्रो खातं कोणतं, आणि करारात ताबा लांबायला किती महिन्यांची सूट लिहिली आहे? त्या सवलतीत वर्षभर निघून गेलं तरी तुमचा हप्ता थांबत नाही, आणि भाडं सुरू होत नाही.

पोरगं परत आल्यावरचं तर कुणी बोलतच नाही. तिकडं राहत असताना घेतलेलं घर भारतात परतल्यावरही ठेवता येतं, फेमाच्या कलम ६(४) मध्ये तशी सोय आहे. पण एकदा तो करासाठी पूर्ण निवासी झाला की दुबईचं भाडं इथल्या उत्पन्नात धरावं लागतं, तिकडं कर नसला तरी. आणि विवरणपत्रातल्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते घर दाखवावं लागतं. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली वर्षाला १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. त्यातलं पुढचं वाक्य कुणी फिरवत नाही: स्थावर मालमत्तेला ती सूट नाही. नवी पेठेतला साधा कर सल्लागार दर वर्षी पगाराचा सोळा नंबरचा फॉर्म घेऊन विवरणपत्र भरून देतो, त्याला कुणी सांगितलंच नाही की पोराचं तिकडं घर आहे, तर तो कुठून भरणार?

आणि मृत्यूपत्र. हा शब्द काढला की घरात सगळे गप्प होतात. पण ऐका. कर्ता मुलगा तिकडं वारला आणि मृत्यूपत्र नसेल, तर बिगरमुस्लिमांसाठी अमिरातीच्या २०२२ च्या ४१ क्रमांकाच्या संघीय कायद्याप्रमाणे, आपल्या देशाचा कायदा लावा अशी मागणी कुणी केली नाही तर, निम्मं बायकोला आणि निम्मं मुलांना. बायको-मुलं असताना आईला काही नाही. आपल्या हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे, बरोबरीचा हिस्सा आहे तिला. ज्या आईनं सोलापुरात स्वतःचे दागिने मोडून बुकिंगला दिले, तिचं नाव तिथं कुठंच नाही. (मुस्लिम कुटुंबात शरियतप्रमाणे आईचा वाटा ठरलेला आहे, पण वाट्यासाठी लागणारे कागद त्यांनाही चुकत नाहीत.) आणि ते कागद म्हणजे, सोलापूरच्या कोर्टातून वारसाचा आदेश, मुंबईत राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा, तिकडं पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि शेवटी परवानाधारक भाषांतरकाराकडून अरबी भाषांतर. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर पासपोर्टपेक्षा वेगळं निघालं की पुन्हा कोर्टाच्या पायरीपासून सुरुवात. आणि हे सगळं चालू असताना त्या रिकाम्या फ्लॅटचा सर्व्हिस चार्ज दर तिमाहीला येतच राहतो, मेलेल्या पोराच्या नावानं, आईच्या मोबाइलवर.